काळ्या पडलेल्या बारा पावत्या

तिला सगळे वहिनीच म्हणत. त्या इमारतीत तिची खरी नणंद एकच, स्वयंपाकघर सांभाळणारी. पण नणंद दिवसभर "वहिनी, वहिनी" करायची, ते ऐकून वॉचमनपासून सचिवबाईंपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच नाव बसलं. ऐकू न येणाऱ्या मुलींचं ते वसतिगृह. मुली तिला हाक मारत नसत, पण त्यांनीही तिच्यासाठी एक खूण ठरवली होती: अंगठा आणि पहिलं बोट जुळवून सुई ओवल्यासारखं करायचं.

खूण बरोबरच होती. वहिनीने जन्मभर शिवणकाम केलं होतं. नवरा ट्रक चालवायचा आणि ही घरी बसून गणवेश, फ्रॉक, उशांचे अभ्रे शिवायची. मग नवऱ्याच्या कमरेची चकती सरकली, डॉक्टरांनी कडक फळीवर झोपायला सांगितलं, आणि नेमकं त्याच सुमाराला कोपऱ्यावर तयार कपड्यांचं दुकान निघालं. मशीन चालायचं तसंच होतं, पण त्याखाली सरकवायला कापड येईना.

स्वभावाने ती पहिल्यापासून घाबरट. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायची, रस्त्यापर्यंत जायची आणि परत येऊन पुन्हा ओढायची. नवरा म्हणायचा, "हिला काळजी करायला कारण लागत नाही, सवड मिळाली की पुरे." अशा बाईला नणंदेने वसतिगृहात चिकटवून दिलं. काम दोन भागांचं: भांडारातलं सामान सांभाळायचं आणि किरकोळ खर्चाची पेटी. साबण, खिळे, औषधं, नळाची दुरुस्ती, कानातल्या यंत्रांच्या बॅटऱ्या असल्या बारीकसारीक गोष्टींचे पैसे त्या पेटीतून जायचे.

कामावर घेण्याआधी नणंदेने तिला भाजीच्या टोपल्यांमागे नेऊन बजावलं होतं. "वहिनी, मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी. आधीची बाई का गेली ते विचारू नकोस. आणि माझं तोंड काळं होईल असं काही करू नकोस, एवढंच."

"वन्सं, तुम्ही असं बोललात की माझे हातपाय आत्ताच गार पडतात," वहिनी म्हणाली.

"गार पडू देत. थरथरले नाहीत म्हणजे झालं."

हिशेब शिकवायला होते काका. पांढऱ्या मिशांचे, बसक्या आवाजाचे, निवृत्त झालेले हिशेबनीस. आठवड्यातून दोनदा दुपारचे येत आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसत. वहिनीने पहिल्यांदा त्यांच्यापुढे एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर दुकानदाराने लिहिलं होतं, 'सामान – तीनशे'.

"सामान म्हणजे?" काकांनी विचारलं. "साबण की सोनं?"

"साबणच. आणि दोन झाडू."

"हे तुम्ही सांगताय. चिठ्ठी कुठे सांगतेय? कोणी दिलं, कोणाला दिलं, कधी, काय, किती, हे सगळं पावतीच्या तोंडून यायला हवं. उद्या तुम्ही नसाल, मी तर नसेनच. वाचणाऱ्याने कोणाला विचारायचं?"

वहिनीने मान डोलावली आणि त्याच उन्हात दुकानात परत गेली. दुसऱ्या वेळी ती एक मोठं, शिक्क्याचं, सगळा तपशील असलेलं बिल घेऊन आली. काकांनी तेही परत सरकवलं. "हे बिल आहे. म्हणजे तुम्ही देणं लागता. दिलेत की नाही, ते कुठे आहे? 'पैसे मिळाले' असं लिहून सही आणा. नाहीतर हा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा दारात उभा राहील आणि तुम्ही नुसत्या रडाल."

एकदा तिने नुसतं विचारलं, "पण वहीत लिहिलंय ना मी सगळं. मग एवढे कागद कशाला जपायचे?"

काका पहिल्यांदाच खुर्चीत सरळ झाले. "वहीत काय, मीसुद्धा लिहीन की मी हत्ती विकत घेतला. वही म्हणजे आपलं म्हणणं. पावती म्हणजे साक्षीदार, तोही बाहेरचा. आधी पावती येते, मग तिच्यावरून वही लिहायची. उलटं कधी करायचं नाही."

हे तिला पटलं. कापड बघितल्याशिवाय माप सांगायचं नाही, तसंच हे, असं तिने मनाशी जुळवून घेतलं. प्रत्येक पावतीमागे व्हाउचर, त्यावर क्रमांक, मागे काकांची बरोबरची खूण. महिना संपला की ती सगळा गठ्ठा सुईदोऱ्याने शिवून टाकायची. काका हसले होते, पण त्यांनी उसवायला सांगितलं नाही.

तरी धाकधूक जायची नाही. पेटी मोजली की पुन्हा मोजायची. एका महिन्यात तर पेटीत दोनशे सत्तर कमी भरले. तिने कागद उलटेपालटे केले, कपाटाखाली काठी घालून पाहिलं. मिळाले नाहीत. भांडार झाडायला येणाऱ्या बाईकडेही तिची नजर वळली. कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. आधीच्या बाईचं कोणी नाव काढत नसे, आणि ते न बोलणंच तिच्या छातीवर बसलेलं. दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याच्या गोळ्यांसाठी ठेवलेल्यांतले दोनशे सत्तर आणून गुपचूप पेटीत टाकले. पेटी आणि वही जुळली. नवऱ्याला म्हणाली, औषधं महागली.

मग एका सकाळी सचिवबाईंनी तिला बोलावून घेतलं. उंच, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या बाई. समोर कागद नसला तरी त्या पत्र वाचून दाखवल्यासारख्या बोलायच्या.

"पुढच्या आठवड्यात ऑडिटर येणार आहेत. यंदा अनुदान देणाऱ्यांनी बाहेरचा माणूस पाठवलाय. किरकोळ खर्च ते मुळापासून बघणार म्हणतात. तुमचं सगळं तयार आहे ना?"

"हो," वहिनी म्हणाली.

भांडारात येऊन तिने जुने गठ्ठे काढले. वरचाच गठ्ठा तिने उजेडात धरला. मशीनमधून निघालेल्या त्या गुळगुळीत, अरुंद पावत्यांवरची अक्षरं उडत चालली होती. भांडाराच्या खिडकीत ऊन यायचं आणि गठ्ठे त्याच खिडकीखालच्या फळीवर असायचे. काही पावत्यांवर नुसती करडी सावली उरली होती, दुकानाचं नाव ओळखू येत होतं, आकडे डोळे बारीक केल्यावर. ऑडिटर यायच्या आत तीही गेली तर? कोऱ्या चिठोऱ्या दाखवून ती काय सांगणार, इथे काहीतरी लिहिलेलं होतं?

काकांना विचारावं, तर काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलेले. नणंदेला विचारावं, तर ती आधी कपाळाला हात लावणार. सुचेल ते करायचं ठरलं, आणि नेमकं तेव्हा तिला सुचलं. ऑफिसात मुलींची ओळखपत्रं प्लास्टिकमध्ये बंद करायचं मशीन होतं. प्लास्टिकमध्ये घातलेली वस्तू टिकते. तिने स्वतःच कितीतरी ओळखपत्रं त्यात घातली होती, पाण्यात भिजूनही जशीच्या तशी राहिलेली.

सगळ्यांत फिक्या अशा बारा पावत्या तिने दोरा उसवून सोडवल्या. एका मोठ्या पाऊचमध्ये सहा इकडे, सहा तिकडे तोंड करून, पाठीला पाठ लावून बसवल्या. कडा सारख्या केल्या. मशीन तापल्याचा हिरवा दिवा लागला आणि तिने पाऊच आत सरकवलं.

दुसऱ्या बाजूने पाऊच येऊ लागलं तेव्हा तिला वाटलं, आतला कुठला तरी काळा कागद चुकून सोबत गेला. मग ते आणखी बाहेर आलं. बाराच्या बारा पावत्या काळ्या ठिक्कर पडल्या होत्या. करपलेल्यासारखा वास येत होता. अक्षर नाही, आकडा नाही, काळ्यावर काळं. आणि वरून चकचकीत प्लास्टिक. आता ते शंभर वर्षं टिकणार.

तिने पाऊच धरलं तर ते हाताला गरम लागलं. ते तिने शिवणाच्या पिशवीत तळाशी घातलं, त्यावर रीळ, कात्री, अर्धवट शिवलेला अभ्रा. आणि बाहेर आली.

व्हरांड्यात दोन मुली उभ्या होत्या. तिला बघून एकीने दुसरीला कोपर मारलं, दोघींची बोटं भराभरा हलली, सुई ओवल्याची खूणही मध्ये येऊन गेली. वहिनीने पिशवी घट्ट पोटाशी धरली. यांनी पाहिलं. खिडकीतून पाहिलं. आता ही गोष्ट वर्गात जाणार, वर्गातून शिक्षिकेकडे, शिक्षिकेकडून ऑफिसात. तेवढ्यात धाकटी पुढे आली, तिने हात वर करून वहिनीच्या खांद्यावर चिकटलेला लाल दोरा काढला आणि तो तिच्या तळहातावर ठेवून दोघी पळाल्या. वहिनी तिथेच कठड्याला टेकून उभी राहिली.

संध्याकाळी ताटातलं चिवडत बसली, तसं नवऱ्याने फळीवरूनच मान वळवली. "काय झालं? आज कुलूप बघायला परत गेली नाहीस. म्हणजे काहीतरी मोठं असणार."

तिने पिशवीतून पाऊच काढून त्याच्या छातीवर ठेवलं. त्याने ते उजेडात धरलं, उलटंपालटं केलं.

"क्ष-किरण काढलेत का कोणाचे?"

"चेष्टा करू नका हो. पावत्या आहेत त्या." आणि तिने सगळं सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज चिरका झाला. "आधीच्या बाईनेही म्हणे पावत्या हरवल्या असंच सांगितलं होतं, वॉचमनच्या तोंडून निसटलं एकदा. माझ्यावर कोण विश्वास ठेवील? वन्संचं तोंड..."

"तिच्या तोंडाचं नंतर बघू. हे बघ, गिऱ्हाइकाचं कापड चुकून तिरकं कापलं गेलं, तर तू काय करायचीस?"

"आधी जोड बसतो का बघायचे."

"आणि नाही बसला तर?"

तिने ताट बाजूला सारलं. "तर सांगायचे."

"मग आधी जोड बघ," तो म्हणाला, आणि पाऊच परत देताना हळूच पुटपुटला, "माझा ट्रक घाटात सोडून दिला असतास तरी चाललं असतं, पण हे..." त्यावर ती रडता रडता हसली, आणि लगेच पुन्हा रडली.

दुसऱ्या दिवसापासून कामातून वेळ काढून ती दुकानं फिरू लागली. सोबत खर्चाच्या वहीतून उतरवून घेतलेल्या तारखा आणि रकमा. औषधाच्या दुकानाच्या पाच पावत्या होत्या. तिथल्या बाईने तारीख विचारली, कीबोर्डवर बोटं चालवली, आणि मशीनमधून 'दुसरी प्रत' असं छापलेल्या पाच चिठ्ठ्या एकामागून एक बाहेर आल्या. इतकं सोपं असेल हे वहिनीच्या मनातही नव्हतं. ती चिठ्ठ्या हातात धरून उगाच उभी राहिली. वहीपुस्तकांच्या दुकानदाराने आपल्या छापील कागदावर लिहून, शिक्का मारून दिलं की अमुक तारखेला अमुक माल दिला, पैसे मिळाले. सहा जमल्या. तिला थोडा श्वास आला.

पण मोठ्या दुकानात सरकत्या काचेमागच्या माणसाने मान हलवली. "पावतीचा नंबर सांगा."

"नंबर पावतीवर होता."

"मग पावती दाखवा."

तिने पिशवीत हात घातला आणि तसाच बाहेर काढला. काय दाखवणार होती? शिवाय इतकं जुनं आमच्याकडे राहत नाही, असंही त्याने वर सांगितलं. चारशे पंधरांची ती फरशी पुसण्याच्या सामानाची पावती गेली ती गेलीच. बॅटऱ्यांच्या दोन पावत्या ज्या दुकानाच्या, ते दुकानच उठून गेलेलं. खाली ओढलेल्या शटरवर 'भाड्याने देणे आहे' अशी पाटी.

हार्डवेअरच्या तीन उरल्या होत्या. हार्डवेअरवाला जाड, हसरा, कायम अर्धा स्टुलावर आणि अर्धा फोनवर. त्याने तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"एवढंच ना? घाबरताय काय वहिनी!" त्याने खणातून जुनं बिलबुक काढलं, तीन कोरी पानं टरकावली, तिन्हींवर शिक्का ठोकला, सही केली. "घ्या. तुम्हीच भरा काय ते. तुमच्याकडे वही आहे, आकडे आहेत. सगळे असंच करतात."

सगळे असंच करतात, हे ऐकून तिला केवढा आधार वाटला! कोरी बिलं घडी न पडू देता तिने पिशवीत ठेवली आणि जवळजवळ धावत परत आली.

भांडाराचं दार लोटून तिने पहिलं बिल पुढ्यात घेतलं. वहीत नोंद होती, 'नळ – ६९०'. किती नळ ते लिहिलेलं नव्हतं. मुलींच्या न्हाणीघरातले दोन नळ बदलले होते, असं तिला आठवत होतं. तिने भागाकार केला, तीनशे पंचेचाळीस. बरोबर बसलं. तिने लिहिलं: नळ, नग दोन, दर ३४५, एकूण ६९०. अक्षर जरा पुरुषी यावं म्हणून डावीकडे कललेलं काढलं. लिहून झाल्यावर तिने ते दूर धरून पाहिलं. खऱ्या पावतीपेक्षा हीच जास्त खरी दिसत होती. आणि तरी तिने उठून दार दोनदा ओढून पाहिलं.

बोटांना शाई लागली होती. ती धुवायला ती मुलींच्या न्हाणीघरात गेली. भिंतीवर जुने, हिरवट डाग पडलेले नळ ओळीने होते, आणि त्यांच्या शेजारी नवे, चकाकणारे. तिने एक नळ सोडला, हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. नवे नळ तीन होते.

तिने पुन्हा मोजले, पुन्हा मोजले. तीनच. प्लंबर घाईत होता, तिसरा गळतोय म्हणून त्याने ऐन वेळी सांगितलं होतं, हेही आता आठवलं. पाणी वाहत राहिलं. आत टेबलावर एक शिक्क्याचं, सहीचं बिल पडलं होतं, जे म्हणत होतं नळ दोन. ते कुठून शिकलं होतं? तिच्याकडूनच. तिने जे सांगितलं तेच ते बोलत होतं, चुकलेलंसुद्धा. काकांचा साक्षीदार बाहेरचा असायचा. हा तर तिनेच घरी बसवून पढवलेला. ऑडिटर न्हाणीघरात एक चक्कर मारेल, आणि मग चुकणारी बाई आणि चोर बाई यांत फरक करायला कोणाकडे काय उरेल?

ती तडक हार्डवेअरवाल्याकडे गेली. दोन कोरी आणि एक भरलेलं बिल त्याच्या गल्ल्यावर ठेवलं. भरलेल्यावर तिने आडवी रेघ मारली होती.

"हे नको. मला खरी हवीय. तुमच्याकडे दुकानाची प्रत राहते ना मशीनमधून? प्रत्येक वेळी दोन निघतात, एक तुम्ही ठेवता. मी पाहिलंय."

"अहो, ती कुठल्या कुठे असेल! डब्यांत भरलेत ढीग. कोण शोधणार?"

"मी शोधते."

तो कुरकुरला, पण तिचा चेहरा बघून त्याने माळ्यावरून तीन पत्र्याचे डबे खाली काढून दिले. रंगाच्या डब्यांमागे, लोखंडाच्या आणि टर्पेंटाइनच्या वासात ती जमिनीवर बसली. डब्यांत अंधार असल्यामुळे त्या पट्ट्यांवरची अक्षरं अजून ठसठशीत होती. गुंडाळ्या सोडवायच्या, तारीख बघायची, परत गुंडाळायच्या. गिऱ्हाइकं तिला ओलांडून जात होती. पहिल्या दोन मिळाल्या, रकमा वहीशी जुळल्या. तिसरी मिळाली तेव्हा तिने ती दिव्याखाली नेली.

नळ, नग तीन, दर ३२०. एकूण ९६०.

ती आकड्याकडे बघत राहिली. नऊशे साठ. वहीत सहाशे नव्वद. नऊ आणि सहाने जागा बदलल्या होत्या, एवढंच. तिने दिले होते नऊशे साठ आणि लिहिले होते सहाशे नव्वद. फरक दोनशे सत्तर. ते पैसे कपाटाखाली गेले नव्हते, कोणी घेतले नव्हते, तिच्या हातून पडलेही नव्हते. महिनोन्‌महिने तिने ज्या चोरीचा वहीम स्वतःवर आणि अधूनमधून झाडूवाल्या बाईवर घेतला, ती चोरी झालीच नव्हती. आणि आपण लिहिलेलं ते देखणं खोटं बिल फाइलला लागलं असतं, तर हे कधीच कळलं नसतं. तिला झाडूवाल्या बाईची इतकी लाज वाटली की त्या क्षणी ती समोर असती तर तिने तिचे हात धरले असते.

दोन दिवसांनी काका आले. डोळ्यावर पट्टी, काळा चष्मा. वाचता येत नव्हतं, म्हणून वहिनीने त्यांना सगळं वाचून आणि सांगून दाखवलं, लॅमिनेशनपासून कोऱ्या बिलांपर्यंत. काही वगळलं नाही.

"त्या पावतीला शाई नसतेच," काका शेवटी म्हणाले. "कागद तापला की अक्षर उमटतं. तुम्ही अख्खा कागदच तापवलात. आली त्याच दिवशी साध्या कागदावर झेरॉक्स काढायची असते. हे मी सांगायला हवं होतं." मग म्हणाले, "त्या नऊशे साठच्या व्हाउचरवर बरोबरची खूण कोणाची आहे?"

"तुमची."

"म्हणजे मलाही दिसत नव्हतं. आणि दिसत नाही, हे कबूल करायची मला लाज वाटत होती." त्यांनी चष्मा नीट केला. "आता एक करा. ते काळं पाऊचसुद्धा फाइलला लावा. लपवायचं नाही. कोणत्या बारा होत्या, कशा गेल्या, प्रत्येकीच्या जागी काय मिळालं, काय नाही मिळालं, असं निवेदन लिहा. माझी चूकही लिहा. आणि ऑडिटरच्या आधी सचिवबाईंना सांगा. आजच."

ते 'आजच' सर्वांत अवघड होतं. सचिवबाईंनी निवेदन दोनदा वाचलं. तोवर वहिनी समोरच्या पेपरवेटमधल्या बुडबुड्यांकडे बघत होती.

"आधीच्या बाईंनीही पावत्या गेल्या म्हणून सांगितलं होतं," सचिवबाई म्हणाल्या.

"त्यांनी काळं पाऊच दाखवलं होतं का?" हे वहिनीच्या तोंडून निसटलं, आणि तिने जीभ चावली.

सचिवबाईंनी वर पाहिलं. रागावल्या की काय ते चेहऱ्यावरून कळेना. "ऑडिटर काय म्हणतात ते बघू. तोवर पेटीची किल्ली माझ्याकडे द्या."

किल्ली देताना तिचा हात थरथरलाच. बातमी स्वयंपाकघरात तिच्याआधी पोचली. नणंदेने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला, पण आदळून. "मला आधी सांगायला काय झालं होतं? मी काय परकी?" आणि मग ऑडिट होईपर्यंत तिने तोंड उघडलं नाही. वहिनीला ते ओरडण्यापेक्षा जड गेलं.

ऑडिटर लहानखुरा, सर्दी झालेला माणूस होता. सारखा रुमाल नाकाला. त्याने काळं पाऊच टेबलावर उभं धरलं, त्यातून खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे मी ऐकलं होतं. बघायला पहिल्यांदाच मिळालं." मग एकेक कागद. औषधाच्या दुसऱ्या प्रती मान्य. वहीवाल्याचं पत्र मान्य. हार्डवेअरच्या पट्ट्या त्याने नखाने चाचपून पाहिल्या आणि उठून थेट न्हाणीघरात गेला. वहिनी मागून चालत होती. नळ सकाळीच तीनदा मोजलेले असूनही तिला वाटत होतं, आता ते दोनच निघणार. बॅटऱ्यांच्या खरेदीचा कागद नव्हता, पण बॅटरी घेताना प्रत्येक मुलीने भांडाराच्या रजिस्टरवर सही केलेली होती. तो त्या वेड्यावाकड्या सह्या बराच वेळ बघत राहिला. "खरेदी नाही, पण वापर सिद्ध होतो," असं पुटपुटून त्याने शेरा लिहिला. चारशे पंधरांवर मात्र त्याने लाल गोल केला. "याला काहीच नाही."

"नाही," वहिनी म्हणाली.

मग त्याने पेटी मोजली. "चूक दुरुस्त केल्यावर पेटीत दोनशे सत्तर जास्त येतायत."

"ते माझे आहेत. कमी पडले होते म्हणून मी घातले."

"घातल्याचा कागद?"

"कागद नाही केला."

"मग ते तुमचे आहेत असं मी कसं लिहू?" त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट थोडी कीवच होती. "पेटीत कागदाशिवाय आलेला पैसा संस्थेचा. बाई, भरपाई करायचीच असेल तर आधी सांगायचं असतं. गुपचूप जुळवलेला हिशेब आम्हाला न जुळलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो."

शेवटी सचिवबाईंनी निकाल दिला: चारशे पंधरा वहिनीने भरून द्यायचे, पेटी पुन्हा वहिनीकडेच, पण महिनाअखेर त्या स्वतः मोजणार. वहिनीने पैसे तिथेच मोजून दिले. आणि उठली नाही.

"आणखी काही?"

"पावती," वहिनी म्हणाली. "कशाबद्दल, ते लिहून."

सचिवबाईंनी टोपण लावलेलं पेन पुन्हा उघडलं. मग खणातून पावतीपुस्तक काढून त्यांनी सावकाश, पूर्ण तपशिलासह पावती लिहिली. देताना म्हणाल्या, "आधीच्या बाईंनी एकही कागद दाखवला नव्हता. तुम्ही विचारलं होतंत म्हणून सांगितलं."

नणंद त्या दिवशी फाटकापाशी थांबली होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने एवढंच विचारलं, "माझ्या भावाच्या गोळ्यांचे दोनशे सत्तर गेले ते गेलेच?" आणि "गेले" म्हटल्यावर तिने पदराची गाठ सोडली, त्यातल्या नोटा वहिनीच्या मुठीत कोंबल्या आणि म्हणाली, "याची पावती मागितलीस तर बघ!"

वहिनी पुढे पुष्कळ वर्षं त्या भांडारात राहिली. मशीनची पावती आली की ती हातातलं काम टाकून आधी झेरॉक्स काढायला जायची, इतकी की झेरॉक्सवाला तिला लांबून बघूनच मशीन चालू करायचा. गठ्ठे खिडकीतून कपाटात गेले. काकांना नव्या डोळ्याने इतकं स्वच्छ दिसू लागलं की ते तिच्या शिवणीचे टाके मोजायला लागले. पुढच्या वर्षीच्या ऑडिटमध्ये एकही लाल गोल पडला नाही. म्हणून तिची भीती गेली असं मात्र नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी तिला अन्न जायचं नाही ते नाहीच. ऑडिटर गेला की ती घरी येऊन, नवऱ्याच्या फळीशेजारी चटईवर आडवी व्हायची आणि अंधार पडेपर्यंत उठायची नाही. नवरा तिला हलवायचा नाही. आता काठीच्या आधाराने तो स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागला होता. तोच चहा टाकायचा.